मागच्या इमारतीतलं बाक

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं आणि दोनदा पुसलं. एक तर मी पॉलिशवाला माणूस, लिहायची सवय नाही. दुसरं म्हणजे गोष्ट माझी नाही, दोस्ताची आहे. शेवटी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "लिही की. माझं नाव टाकू नको आणि मला फार बिचारा करू नको. बाकी काय घालायचा तो गोंधळ घाल."

म्हणून एक थर वाळेपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात फोनवर टाईप करतोय. मध्येच तुटलं तर समजा, थर वाळला.

आमच्या कारखान्यात त्याला सगळे आरसा म्हणतात. कारखाना म्हणजे पुढे एक लांबडी खोली, मागे सामानाची छोटी खोली आणि जिना चढून वर तयार माल ठेवायची जागा. मालकांना आम्ही मामा म्हणतो. ते कुणाचेच मामा नाहीत, पण ओरडतात मामासारखे.

काम असं. जुनं टेबल, कपाट, दार काय येईल ते घ्यायचं, घासायचं आणि लाखेचं पॉलिश करायचं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, फडक्यात कापूस बांधून बोळा करायचा आणि हात फिरवत राहायचं. थर द्या, वाळवा, घासा, परत थर द्या. पण शेवटचा थर कुणीही देत नाही. बोळा लाकडाला टेकला की थांबायचं नसतं, थांबलात की डाग पडतो. तो शेवटचा हात आरशाचा. त्याचा बोळा पाखरू बसावं तसा टेकायचा आणि तसाच उठायचा. त्यानं केलेल्या टेबलात बघून मामा दाढी नीट झालीय का ते तपासायचे. त्यावरून आरसा.

तो पितो हे सगळ्यांना माहीत होतं. आधी संध्याकाळी प्यायचा, मग दुपारी, मग कारखान्याचं कुलूप निघायच्या आधी. सकाळी त्याचे हात इतके थरथरायचे की चहाचा कप दोन्ही हातांत धरावा लागायचा. मग "जरा जाऊन येतो" म्हणायचा. परत आला की हात स्थिर. तेव्हा कुठे शेवटचा थर लागायचा. मामा काही बोलायचे नाहीत, कारण गिऱ्हाइकाला टेबल वेळेवर पाहिजे असायचं. आम्ही पोरं म्हणायचो, "आधी आरशाला पॉलिश लागतं, मग लाकडाला." तोही हसायचा.

एक दिवस तो "जरा जाऊन येतो" म्हणाला पण बाहेर गेलाच नाही. मी मागच्या खोलीत फडकी आणायला गेलो. स्पिरिटच्या कॅनपाशी तो उकिडवा बसला होता. हातात चहाचा कप, पण कपात चहा नव्हता.

आम्ही वापरतो त्या स्पिरिटमध्ये मुद्दाम विष घातलेलं असतं, कुणी पिऊ नये म्हणून. कॅनवर कवटी छापलेली असते. ती कवटी आम्ही रोज बघतो, त्यामुळे कुणालाच दिसत नाही.

मी कप काढून घेतला.

"दुकान बंद होतं," तो म्हणाला. दूध संपलंय असं सांगावं तसा.

"मरशील ना."

"माहितीये."

"डोळे जातात यानं."

"अरे, हात थांबत नाहीत. थांबतच नाहीत हात." आणि त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. घरी फक्त त्याची थोरली बहीण असते. ती लाँड्रीत काम करते, मी पण तिला ताईच म्हणतो. दार उघडून तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "बस. काय झालं ते सरळ सांग, गोल गोल फिरू नको." मी सरळ सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "फोन काढ. अशी ठिकाणं असतात ना, ती शोध."

तर आम्ही शोधायला लागलो. जवळचं व्यसनमुक्ती केंद्र, असं टाकलं. सगळ्यात वर जे आलं त्याच्या फोटोत बाग होती, झोपाळा होता, पांढरे कपडे घातलेली हसरी माणसं होती आणि एक घोडा.

"घोडा कशाला?" ताई म्हणाली.

"घोड्यांच्या सहवासात मन शांत होतं, असं लिहिलंय."

"याच्या सहवासात घोडा प्यायला लागेल."

तरी फोन लावला. गोड आवाजाच्या बाईंनी खर्च सांगितला. ताईनं हातानंच खूण केली, ठेव.

दुसरा नंबर लागलाच नाही. तिसरा एका गॅरेजवाल्यानं उचलला. "ते केंद्र बंद पडून जमाना झाला," तो म्हणाला. "पण रोज कुणाचा तरी फोन येतो. बहुतेक बायकांचे. मला आता कट करवत नाही, दोन शब्द बोलतो." त्यानं ताईशी पण दोन शब्द बोलून घेतले. काय बोलला माहीत नाही. फोन ठेवताना तिनं त्याला दादा म्हटलं.

चौथं ठिकाण बसच्या शेवटच्या थांब्याच्या पुढे होतं. आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी गेलो. गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस भेटला. बोलायला चांगला होता, खुर्च्या दिल्या.

"तुम्ही फक्त आणून सोडा," तो म्हणाला. "पुढचं आमच्यावर. सुरुवातीला भेट नाही, फोन नाही. भलेभले सरळ केलेत आम्ही."

"डॉक्टर असतात?" ताईनं विचारलं.

"शिस्त असली की डॉक्टर लागत नाही."

ताई त्याच्याशी बोलत होती आणि मी दार बघत होतो. धंद्याची खोड, कुठेही गेलो तरी आधी लाकूड बघतो. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. कडी बाहेरून. आणि आतल्या बाजूला रंग खरवडून निघालेला, कडीच्या उंचीला. ते एक वेळ समजलं असतं, सामान घासतं. पण अगदी खाली पण तसंच होतं. माणूस दाराला टेकून खाली बसला तर त्याचे हात जिथे येतील, तिथे. चार चार बारीक रेघा.

"ताई, चल," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर ती चिडली. "असा काय उठलास? निदान ऐकून तरी घ्यायचं."

मी दाराचं सांगितलं. मग ती माझ्या पुढे बसथांब्याकडे चालायला लागली.

आरशाला हे सगळं कळलंच. मला वाटलं भडकेल. तो म्हणाला, "कशाला वणवण करताय? मला खरवडा की."

हे जरा समजावून सांगतो. आमच्यात पहिल्या दिवशी जे शिकवतात ते हे की जुन्यावर नवं चढत नाही. जुनं पॉलिश कितीही बरं दिसू दे, आधी सगळं खरवडायचं, कोरं लाकूड दिसेपर्यंत. एका फटक्यात. अर्धवट ठेवलंत तर नवं फुगतं आणि पापुद्रे निघतात. मामांचं वाक्य आहे, "दया आली की काम बिघडलं."

"तसंच," आरसा म्हणाला. "वरच्या खोलीत राहतो. एक थेंब देऊ नका. कोरा झालो की बाहेर येतो."

आणि आम्हाला सगळ्यांना ते पटलं. मामांना पटलं, ताईला पटलं, मला तर फारच पटलं. इतके दिवस जो तो आम्हाला न कळणारं बोलत होता, आणि हे एकदम आमच्यातलं. मामांनी स्वतः वर गादी टाकली, पाण्याचा जग ठेवला. कडी मात्र मी आतून ठेवायला लावली. ते दार डोक्यातून जात नव्हतं.

पहिली रात्र तो नुसता घामानं भिजत होता. सकाळी जोक करत होता, म्हणाला, "भुसा पडतोय बघ." दुपारपासून जोक थांबले. तो वरच्या एका टेबलाकडे बघून म्हणाला, "मुंग्या आल्यात, पूस."

टेबल स्वच्छ होतं.

"कुठेत मुंग्या?"

"अरे पूस ना. पॉलिश ओलं आहे, चिकटतील." आणि स्वतःच हातानं पुसायला लागला. पुसतच राहिला. थोड्या वेळानं त्याचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले आणि तो टेबल आणि भिंतीच्या मधे पडला. आधी मला वाटलं पाय घसरला. मग त्याचं डोकं जमिनीवर आपटायला लागलं.

मामा जिन्यावरून "अरे गाडी काढा, गाडी काढा" करत खाली. खुर्च्या पोचवायची गाडी भरलेली होती. आम्ही दोन खुर्च्या उतरवल्या आणि त्याला बाकीच्यांच्या मधे झोपवलं, खुर्च्यांना गुंडाळायच्या गोधड्यांवर. मामा गाडी चालवत होते. आयुष्यात पहिल्यांदा मालाला धक्का लागतोय का ते त्यांनी बघितलं नाही.

ताईला वाटेतच फोन केला, ती सरकारी दवाखान्यात आमच्या आधी पोचली. तिथे तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सुई दिली, सलाईन लावलं, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं. मी स्पिरिटचं पण सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ते ऐकून त्यांनी आणखी रक्त काढलं. मग आमच्याकडे वळल्या.

"एकदम बंद केली का?"

"हो," मी म्हणालो. आणि त्यांना सगळं सांगितलं, खरवडण्याचं पण. मामा मान खाली घालून उभे होते.

त्यांनी ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. "लाकडाला झटके येत नाहीत," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडायची नसते. यात माणूस जातो. औषध देऊन, रात्रंदिवस लक्ष ठेवून हळूहळू उतरवावं लागतं. आपल्याकडे त्याचा वॉर्ड आहे. तिकडे का नाही आणलंत?"

"कुठे?" ताई म्हणाली.

"इथेच. मागच्या इमारतीत. औषधांची खिडकी आहे ना, तिच्यावरून पुढे. खर्च नाही काही."

ताई माझ्याकडे बघायला लागली. आम्ही बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आलो होतो. तिची लाँड्री या दवाखान्याच्या समोर आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आम्हीच.

पण वॉर्ड सापडला म्हणजे माणूस तिथे राहायला तयार झाला असं होत नाही.

दोन-तीन दिवसांत आरसा उठून बसला. तोंडाला चव आली, नर्सशी मस्करी सुरू झाली. मग म्हणायला लागला, "झालं ना आता. खरवडून झालं. घरी चला." डॉक्टरीणबाईंनी समजावलं, अंगातली उतरली पण खरं काम पुढेच आहे, इथून घरी गेलास तर परत त्याच दुकानात जाशील. पालथ्या घड्यावर पाणी. ताई रडली, त्याचाही उपयोग झाला नाही. मला तो कपच दिसत होता. हा घरी गेला तर कधीतरी परत दुकान बंद असणार, आणि कॅन उघडा.

"बघून तरी येऊ," मी म्हणालो. "नाही आवडलं तर मी स्वतः घरी सोडतो."

"घोडा आहे का तिथे?" त्यानं विचारलं. ताईनं त्याला घोड्याचं सांगितलं होतं.

"नाही."

"मग बघू."

माझ्या खांद्याला धरून तो चालत होता. औषधांच्या खिडकीवरून पुढे, एक अरुंद बोळ, कपडे वाळत घातलेले, मग जुनी बैठी इमारत. आत गेलो आणि दोघंही थांबलो.

लांब बाक होतं भिंतीला लावलेलं. आमचं बाक.

मागे कधीतरी दवाखान्याचं काम आलं होतं. आम्ही ते फाटकावर उतरवून दिलं होतं. पुढे कुठे नेलं ते विचारलं नव्हतं, कोण विचारतो. पण आपलं काम माणूस ओळखतो. पाठीवर अजून चमक होती. समोरच्या भिंतीवरची खिडकी त्यात दिसत होती.

"शेवटचा हात माझा," आरसा म्हणाला. वाकून बघायला लागला. मग त्याचा आवाज चढला. "हे काय केलंय? कड बघ. कुणी वाट लावली याची?"

बसायच्या फळीची पुढची कड उघडी पडली होती. सगळी नाही, जागोजागी. जिथे माणूस बसतो तिथे त्याच्या मांडीच्या दोन्ही बाजूंना पॉलिश उडून कोरं लाकूड दिसत होतं, आणि ते पण तेलकट, गुळगुळीत झालेलं.

बाकाच्या टोकाला एक माणूस बसला होता. अंगात बस ड्रायव्हरचा गणवेश. बायको शेजारी पिशवी घेऊन. त्याचे दोन्ही हात कडेवर घट्ट धरलेले होते आणि तरी थरथरत होते. अंगठा त्याच जागेवर पुढे मागे, पुढे मागे. त्यानं वर बघून आरशाला विचारलं, "डॉक्टर आले का हो?"

आरशानं त्याच्या हातांकडे बघितलं. बघत राहिला. मग हळूच त्याच्या शेजारी बसला. त्याचे हात आपोआप खाली गेले आणि त्या उडालेल्या जागांवर जाऊन बसले, अगदी बरोबर.

 मग ड्रायव्हरला म्हणाला, "येतील. बसा."

आत एक वयस्क सिस्टर होत्या. सगळं त्याच बघतात म्हणे. त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं, थोडे दिवस इथे राहायचं, औषध घ्यायचं, रोज सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचं. दर आठवड्याला घरच्यांनी यायचं. सुटल्यावर पण येत राहायचं. दाराला कडी आहे, ती आतून.

"माझे हात थांबतील का?" आरशानं विचारलं. तेवढंच विचारलं. "न पिता?"

"बहुतेकांचे थांबतात," त्या म्हणाल्या. "कुणाचे लवकर, कुणाचे वेळानं. मी खोटं सांगणार नाही. काम काय करतोस?"

"पॉलिश."

"कसलं?"

"लाखेचं. स्पिरिटमधलं."

सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "दिवसभर त्याच वासात?"

"हो."

"मग सुटल्यावर कामाचं काहीतरी बघावं लागेल, बाळा."

झालं. आरसा उठलाच. "म्हणजे हात थांबवून काय करू? टाळ्या वाजवू?" आणि बाहेर.

मी मागे गेलो. तो परत बाकापाशी उभा होता, पण बसत नव्हता. फाटकाकडे बघत होता. ड्रायव्हर आत गेला होता.

आणि मला दूध आठवलं.

मागे एक विक्रेता आला होता, पाण्याचं पॉलिश घेऊन. त्यात स्पिरिट नसतं, वास नसतो. डब्यात पांढरंशुभ्र, दुधासारखं. आरशानं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "हे मांजराला घाला." तेव्हापासून तो डबा फळीवर पडून आहे आणि कारखान्यात त्याचं नाव दूध. कुणी चुकीचं काम केलं की म्हणायचं, "तू दूधवाल्याकडे जा कामाला." त्याला बोळा चालत नाही, ब्रश लागतो. हाताची सगळी रीतच वेगळी. मामा म्हणतात त्यानं आरसा होत नाही. पण आमच्यात कुणी करून तरी कुठे बघितलंय? नाचता येईना अंगण वाकडं.

मी तिथेच मामांना फोन लावला. स्पीकरवर टाकला. सगळं सांगितलं. 

"दुधानं?" ते म्हणाले.

"हो."

"गिऱ्हाईक हसतील."

"हसू देत."

 मग मामा म्हणाले, "तो ऐकतोय का?"

"ऐकतोय."

"आरशा," मामा म्हणाले, "मी सकाळी तुला बाहेर जाताना बघायचो. मला टेबल पाहिजे असायचं." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "लाखेचं काम मागे शेड टाकून तिकडे नेतो. पुढची खोली तुमची. दूध ओता नाहीतर ताक ओता." आणि फोन ठेवला.

आरसा बाकावर बसला. कडेवरून अंगठा फिरवत होता.

"तुला ब्रश धरता येत नाही," तो मला म्हणाला.

"माहितीये."

"रेघा मारशील."

"मारीन. तू येईपर्यंत मारून होतील माझ्या. तू आत राहून हात थांबव. मी बाहेर दूध शिकतो. तू येशील तेव्हा तुझ्या टेबलापाशी कॅन नसेल, वाससुद्धा नसेल. आणि पहिलं काम हे बाक, सिस्टरांना विचारून घेऊन जाऊ. ही कड आपण करू. पहिले थर माझे, शेवटचा हात तुझा."

"आणि माझा हात नाही थांबला तर?"

 सिस्टर खोटं बोलल्या नाहीत, मग मी कशाला बोलू.

"तर शेवटचा हात पण मी देतो," मी म्हणालो. "तू शेजारी बसून शिव्या दे. पण कॅन नसेल. तो माझा शब्द."

त्यानं माझ्या खांद्याला धरलं आणि आम्ही परत सिस्टरांकडे आत गेलो.